गाटा-१ची कुपी

थर्माकोलच्या खोक्यात कोरडा बर्फ, त्या बर्फात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी आणि कुपीच्या तळाशी नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही एवढासा द्रव. लेबलवर साधारण असा मजकूर असतो: रिकॉम्बिनंट ह्यूमन गाटा-१, २० मायक्रोग्रॅम, ई. कोलाय, हिस-टॅग, शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक, उणे ८० अंशांवर ठेवा, फक्त संशोधनासाठी. मे महिन्यात हे पार्सल नागपुरात उतरतं तेव्हा बाहेर पारा ४५च्या आसपास असतो आणि खोक्यात कोरड्या बर्फाचे उणे ७८. खोकं उघडल्यावर बर्फ शिल्लक आहे की नाही, हे पाहणं ही पहिली तपासणी. बर्फ संपलेला असेल तर पुढच्या महिनाभराच्या प्रयोगांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो.

या लेबलवरचा एकेक शब्द उलगडायचा तर आधी नागपूर आणि गाटा-१ हे प्रथिन यांचा संबंध काय, ते सांगायला हवं. मध्य भारतातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराची नोंद नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. तेव्हापासून विदर्भात हा आजार घराघरांत ओळखीचा झाला. लग्न जुळवताना ‘एएस पॅटर्न’ (दोषाचा फक्त वाहक) की ‘एसएस पॅटर्न’ (आजार असलेला) असं विचारणारी कुटुंबं इथे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाटात इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट जपून ठेवलेला असतो. आजाराचं मूळ एका अक्षरात आहे. बीटा-ग्लोबिन नावाच्या जनुकात एका जागी ‘ए’ऐवजी ‘टी’ आलं, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं, आणि प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवू लागलं. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते ती या दोऱ्यांमुळे.

पण एसएस बाळ जन्मतः आजारी नसतं. पहिले काही महिने ते खुशाल खेळतं. गर्भात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, त्याला एचबीएफ म्हणतात. ते गॅमा-ग्लोबिन या दुसऱ्याच जनुकावरून बनतं आणि त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर गॅमाचं काम हळूहळू बंद पडतं, बीटाचं सुरू होतं आणि मग हातापायांना सूज, ताप, दुखण्याचे झटके सुरू होतात. ज्यांच्यात मोठेपणीही एचबीएफ बऱ्यापैकी टिकून राहतं त्यांना त्रास कमी होतो. विदर्भातल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सहसा जास्त सापडतं. म्हणून ‘आपला सिकलसेल सौम्य’ असं बरीच वर्षं म्हटलं गेलं. नागपुरात नवजात बाळांची तपासणी करून त्यांचा पाठपुरावा केला गेला, तेव्हा हा समज सरसकट खरा नसल्याचं दिसलं. एचबीएफ वाढवणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम या कमी मात्रेत मुलांना देऊन पाहण्याचा अभ्यासही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे.

गॅमा बंद कोण करतं, हा यातला खरा प्रश्न. २००८ साली स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने बीसीएल११ए या प्रथिनाकडे बोट दाखवलं. हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे. डीएनएवरच्या ठरावीक अक्षरांवर बसून शेजारचं जनुक वाचायला लावणारं किंवा वाचू न देणारं प्रथिन म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. माणसात अशी सुमारे १,६०० प्रथिनं आहेत. बीसीएल११ए गॅमा वाचू देत नाही. मग बीसीएल११एचं जनुक तांबड्या पेशींच्या वंशात जोमाने चालू ठेवणारं कोण? अनेक प्रथिनांचा त्यात हात आहे. त्यातलं अग्रगण्य गाटा-१. जी-ए-टी-ए ही चार अक्षरं, त्यांच्या डावीकडे ए किंवा टी आणि उजवीकडे ए किंवा जी, एवढं दिसलं की ते तिथे बसतं. तांबडी पेशी घडवण्यात त्याचा वाटा इतका मोठा आहे की ते नसेल तर तांबडी पेशी पुरती तयारच होत नाही. म्हणजे गाटा-१ शरीरातून काढून टाकून सिकलसेल बरा करता येणार नाही. काढायची तर त्याची एखादी नेमकी बसायची जागा काढावी लागेल.

डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या उपचारात हेच केलं जातं. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात, बीसीएल११एच्या जनुकातल्या एका नियंत्रक पट्ट्यावर क्रिस्परची कात्री चालवतात आणि पेशी परत देतात. त्या पट्ट्यात एका बाजूने टी-टी-ए-टी-सी असं लिहिलेलं आहे. समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलं की तेच जी-ए-टी-ए-ए होतं. कात्री बरोबर या पाच अक्षरांच्या आत पडते. गाटा-१ची ती एक जागा जाते, बाकी सगळ्या जागा शाबूत राहतात, आणि तांबड्या पेशींपुरतं बीसीएल११ए ओसरून गॅमा पुन्हा बोलू लागतो. तिथे या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. विदर्भातल्या रुग्णाला तो आकडा ऐकूनच पुरे होतो.

आता कुपी. शरीरातलं गाटा-१ पेशीच्या केंद्रकात हजारो इतर प्रथिनांच्या गर्दीत असतं. ते ठरावीक अक्षरांवर स्वतः बसतं की दुसऱ्या कुणाच्या आधाराने, हे गर्दीत कळत नाही. एकट्या गाटा-१ला एकट्या डीएनएसमोर आणायचं तर शुद्ध गाटा-१ हवं. माणसाच्या अस्थिमज्जेतून ते पुरेसं काढणं जमण्यासारखं नाही. म्हणून माणसाचं जनुक देऊन ते जीवाणूकडून बनवून घ्यायचं, लेबलवरचं ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन’ ते हेच. १९८२पासून मधुमेहाच्या रुग्णांना मिळणारं मानवी इन्सुलिन याच मार्गाने आलं, फक्त गाटा-१ इन्सुलिनपेक्षा बरंच अवघड गिऱ्हाईक आहे.

गाटा-१ ही ४१३ अमिनो आम्लांची साखळी. म्हणजे जनुकाची १,२३९ अक्षरं, वर थांब्याची तीन. पूर्वी हे जनुक पेशींमधून वेचून काढावं लागे. आता अक्षरांचा क्रम पाठवला की कृत्रिमरीत्या जोडून मिळतो. त्यात एक फेरफार करतात. एकाच अमिनो आम्लासाठी डीएनएत अनेक त्रिअक्षरी संकेत असतात आणि जीवाणूच्या पसंतीचे संकेत माणसापेक्षा वेगळे असतात. प्रथिन तेच ठेवून संकेत जीवाणूच्या सवयीचे करायचे. सुरुवातीला किंवा शेवटी सहा हिस्टिडिनची शेपटी जोडायची, हाच लेबलवरचा हिस-टॅग. हे सगळं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या गोल कड्यात बसवून ई. कोलाय या जीवाणूच्या प्रयोगशाळेतल्या, आजार न करणाऱ्या जातीत सोडायचं. कड्यावर कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुकही असतं. त्यामुळे कॅनामायसिन घातलेल्या ताटलीवर फक्त कडं घेतलेलेच जीवाणू वाढतात.

त्यातली एक वसाहत उचलून पोषक रसात ३७ अंशांवर, शेकरवर हलवत वाढवतात. रस गढूळ होत जातो. गढूळपणाचं माप ०.६च्या आसपास आलं की तापमान १६ ते १८ अंशांवर आणून आयपीटीजी नावाचं रसायन घालतात. ते मिळालं की जीवाणू आपलं काम बाजूला ठेवून गाटा-१ बनवायला लागतो. थंड करण्याची घाई नवख्याला कळत नाही, कारण ३७ अंशांवर जीवाणू जास्त भराभर प्रथिन बनवतो. पण साखळी बनणं आणि साखळीची नीट घडी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी. वेग जास्त झाला की अर्धवट घडीच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि घाईत ढवळलेल्या पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात. गुठळीत प्रथिन भरपूर असतं, पण डीएनएवर बसण्याच्या लायकीचं नसतं. ते युरियात विरघळवून पुन्हा घडी घालता येते, मात्र त्यातलं किती खरोखर नीट घडलं, याची खात्री देणं कठीण. म्हणून रात्रभर थंड, सावकाश वाढ. नागपूरच्या उन्हाळ्यात शेकरचा कूलर रात्रभर टिकला पाहिजे आणि बॅकअपवर फ्रीजर आहे तसा शेकरही असला पाहिजे. ही यंत्रखरेदीची बाब वाटते, पण प्रथिनाचा दर्जा बऱ्याचदा तिथेच ठरतो.

गाटा-१च्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. त्याच्या अंगावर दोन ‘झिंक फिंगर’ आहेत. चार सिस्टिनांनी मध्ये जस्ताचा एक अणू धरून ठेवलेला असतो, म्हणून तो भाग बोटासारखा ताठ उभा राहतो. साखळीच्या शेवटाकडचं बोट डीएनएवरची अक्षरं ओळखतं. सुरुवातीकडचं बोट ती पकड घट्ट करतं आणि सहकारी प्रथिनांना हात देतं. जस्त निघालं की बोट लुळं पडतं. म्हणून वाढीच्या रसात थोडा जस्ताचा क्षार घालतात आणि पुढच्या कुठल्याही द्रावणात ईडीटीए येऊ देत नाहीत. ईडीटीए हे धातू खेचून घेणारं रसायन प्रयोगशाळेत सवयीने प्रत्येक बाटलीत पडतं. इथे ती सवय मोडावी लागते.

सकाळी रस सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जीवाणूंचा गोळा खाली बसवतात, बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी पेशी फोडतात, पुन्हा फिरवतात. वरच्या स्वच्छ पाण्यात गाटा-१ असतं आणि जीवाणूची दोन-चार हजार इतर प्रथिनंही. हे पाणी निकेल लावलेल्या मण्यांच्या स्तंभातून सोडायचं. सहा हिस्टिडिनची शेपटी निकेलला धरते, बाकीचं वाहून जातं. चुकून चिकटलेली प्रथिनं थोडं, म्हणजे २० मिलिमोलर इमिडाझोल घालून धुवायची आणि शेवटी २५० मिलिमोलर देऊन गाटा-१ सोडवून घ्यायचं. इमिडाझोल हिस्टिडिनच्या जागा स्वतः बळकावतं, म्हणून शेपटी सुटते.

इथे बरेच जण थांबतात आणि माझ्या मते तीच चूक ठरते. गाटा-१चं कामच डीएनएला धरणं. जीवाणू फोडल्यावर त्याचा सगळा डीएनए सुटा झालेला असतो आणि गाटा-१ त्याला चिकटूनच निकेलच्या स्तंभावर येतं. प्रथिनांच्या जेलवर पट्टी सुरेख एकटी दिसते, कारण डीएनए त्या रंगात रंगतच नाही. कुपीत मात्र निम्मं प्रथिन आधीच भलत्या डीएनएवर बसलेलं असू शकतं. ओळखायची सोपी खूण आहे. २६० आणि २८० नॅनोमीटरवर शोषण मोजायचं. स्वच्छ प्रथिनाचं गुणोत्तर ०.६च्या आसपास येतं. ते एकच्या वर गेलं तर सोबत डीएनए-आरएनए आलंय असं समजायचं. उपाय म्हणजे धुताना मिठाचं प्रमाण भरपूर वाढवायचं आणि नंतर हेपरिनच्या स्तंभावरून न्यायचं. हेपरिनवर डीएनएसारखाच भरपूर ऋण भार असतो, म्हणून मोकळं प्रथिन त्याला धरतं आणि मीठ वाढवत नेलं की सुटतं. शेवटी आकारानुसार वेगळं करणाऱ्या स्तंभातून गुठळ्या आणि तुटके तुकडे बाजूला काढायचे. तुकडे गाटा-१मध्ये जास्तच असतात, कारण दोन बोटं सोडली तर साखळीचा बराच भाग सैल, बिनघडीचा आहे आणि जीवाणूची कापणारी विकरं आधी तिथेच तोंड घालतात. म्हणून काही ठिकाणी पूर्ण साखळीऐवजी फक्त बोटांचा भाग बनवतात. लेबलवर पूर्ण साखळी आहे की तुकडा, हे वाचल्याशिवाय खरेदी करू नये.

लेबलवरचे ९० टक्के म्हणजे जेलवर रंगलेल्या एकूण प्रथिनात गाटा-१च्या पट्टीचा वाटा. त्यातलं किती काम करतं, हा आकडा लेबलवर सहसा नसतो. तो आपल्यालाच काढावा लागतो.

कुपी हातात आल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवायची, कारण प्रवासात थेंब झाकणाला चिकटलेला असतो आणि वीस मायक्रोग्रॅममधले पाच झाकणासोबत कचऱ्यात जाऊ शकतात. मग बर्फावर वितळवून लगेच पाच-पाच मायक्रोलिटरच्या छोट्या वाट्यांमध्ये वाटायचं आणि पुन्हा उणे ८०मध्ये. प्रत्येक वाटी एकदाच वितळवायची. पुन्हा पुन्हा गोठवल्या-वितळवल्याने प्रथिन साकळतं. द्रावणात ग्लिसरॉल असतं ते गोठताना बर्फाचे स्फटिक प्रथिनाला मोडू नयेत म्हणून, आणि डीटीटी असतं ते जस्त धरणारे सिस्टिन आपसात जोडले जाऊ नयेत म्हणून.

वीस मायक्रोग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण गाटा-१चं वजन सुमारे ४३ किलोडाल्टन धरलं तर कुपीत ४६० पिकोमोलच्या वर रेणू भरतात. वीस मायक्रोलिटरच्या एका प्रयोगात ५० नॅनोमोलर प्रथिन घ्यायचं तर एक पिकोमोल लागतो. म्हणजे हात नेटका असेल तर एक कुपी शेकडो वेळा पुरते.

वापराचा जुना आणि अजून टिकून असलेला प्रयोग म्हणजे ईएमएसए, बोलीत ‘जेल शिफ्ट’. तो १९८१चा. सिकलसेलच्या घरांना याचं तत्त्व समजावून सांगावं लागत नाही, कारण त्यांच्या रिपोर्टमागे तेच आहे. विजेच्या दाबाखाली रेणू पळवायचे आणि कोण कुठवर पोचला ते पाहायचं. हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एस हे एच्या मागे राहतं, कारण ग्लुटामिक आम्ल गेल्याने त्याचा ऋण भार घटलेला असतो. जेल शिफ्टमध्ये प्रथिन नाही, डीएनए पळवतात. पंचवीस-तीस अक्षरांचा दुपदरी तुकडा घ्यायचा, त्याला चमकणारा रंग किंवा बायोटिन जोडायचं. सुटा तुकडा झपाट्याने जेलच्या तळाशी जातो. त्यावर गाटा-१ बसलं असेल तर तो जड होतो आणि वर अडकतो.

जेलवर एका ओळीत काय काय ठेवतात, ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या खाचेत फक्त डीएनए, पट्टी तळाशी. दुसऱ्यात डीएनए आणि गाटा-१, वर नवी पट्टी. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण प्रथिन कुठल्याही डीएनएला थोडंफार चिकटतंच. म्हणून प्रत्येक खाचेत पॉली-डीआयडीसी नावाचा बिनअर्थाचा डीएनए भरपूर घालतात, बिनओळखीचं चिकटणं त्यात जिरतं. तिसऱ्या खाचेत तोच तुकडा, पण बिनरंगाचा, शंभरपट. गाटा-१ त्याच्यावर जातं आणि वरची पट्टी नाहीशी होते. चौथ्यात शंभरपट तुकडा, पण जी-ए-टी-एची अक्षरं बदललेला. आता वरची पट्टी टिकायला हवी. तिसरीत गेली आणि चौथीत राहिली, तर प्रथिन अक्षरं ओळखतंय असं म्हणता येतं. पाचव्यात गाटा-१ची अँटिबॉडी घालतात. पट्टी आणखी वर चढली तर ते गाटा-१च आहे, जीवाणूचं कुठलं लुडबुडं प्रथिन नाही. हे जेल ४ अंशांवर चालवतात आणि त्याच्या नेहमीच्या द्रावणातही ईडीटीए असतं, तेव्हा झिंक फिंगरसाठी तेही कमी किंवा वजा करावं लागतं.

पुढे प्रथिनाचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत निम्मा डीएनए कधी वर चढतो ते पाहिलं की पकडीचं माप मिळतं. लेबलवर नसलेला आकडाही असाच निघतो. डीएनए भरपूर आणि प्रथिन मोजून घेतलं तर जास्तीत जास्त किती डीएनए वर चढला त्यावरून कुपीतले किती रेणू कामाचे आहेत ते कळतं. ९० टक्के शुद्ध कुपीत कामाचे तीस टक्केच निघणं, यात नवल काही नाही.

या कुपीकडून काय मागू नये, तेही सांगायला हवं. गाटा-१ पेशींच्या ताटलीत ओतलं तर काही होत नाही, ते पेशीच्या आवरणातून आत शिरत नाही. माणसाला टोचणं तर दूरच. ई. कोलायच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन त्यात असू शकतं आणि ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेल्या कुपीची त्या दृष्टीने तपासणी झालेली असेलच असं नाही. शिवाय माणसाची पेशी प्रथिनावर फॉस्फेटसारखे गट चिकटवून त्याचं वागणं बदलते, जीवाणू सहसा ते करत नाही. त्यासाठी मानवी किंवा कीटकांच्या पेशींत बनवलेलं महाग गाटा-१ घ्यावं लागतं. आणि सगळ्यात मोठी मर्यादा हिशेबाची. गाटा-१ला चालणारी सहा अक्षरं माणसाच्या तीनशे कोटी अक्षरांत साठ लाखांच्या घरात जागांवर सापडायला हवीत. जेलवर ते यातल्या जवळपास कुठल्याही तुकड्यावर बसेल. पेशीत प्रत्यक्ष बसतं ते काही हजार ठिकाणी, कारण बाकीच्या जागा गुंडाळून ठेवलेल्या असतात. कुपी ‘बसू शकतं का’ एवढंच सांगते. ‘बसलंय का’ हे पाहायला रुग्णाच्या पेशी लागतात.

तरी एका अक्षराचा प्रश्न असेल तर हा प्रयोग फार कामाचा. मोठेपणीही एचबीएफ टिकून राहणाऱ्या काही लोकांत गॅमा जनुकाच्या सुरुवातीपासून ११३ अक्षरं मागे एका एच्या जागी जी सापडतं. एवढ्याने तिथे गाटा-१ची नवी जागा तयार होते, असं २०१९ साली दाखवलं गेलं. गंमत म्हणजे ती जागा बीसीएल११एच्या जागेला अगदी खेटून आहे, पण हा बदल बीसीएल११एला हटवत नाही. गाटा-१ तिथे गॅमा चालू करायला येतं. नागपूरच्या एखाद्या एसएस कुटुंबात दोन भावांपैकी एक दर दोन महिन्यांनी दवाखान्यात आणि दुसरा मजेत, असं असेल आणि दुसऱ्याच्या गॅमाजवळ एखादं अनोळखी अक्षर सापडलं, तर पहिलं काम महाग नाही. तीस अक्षरांचे दोन तुकडे मागवायचे, एक पहिल्या भावाच्या अक्षराचा, एक दुसऱ्याच्या. दोन्ही एकाच जेलवर, एकाच वाटीतल्या गाटा-१सोबत चालवायचे, आणि हीच जोडी बीसीएल११एबरोबर पुन्हा. फरक दिसला तर पुढचं काम अस्थिमज्जेच्या पेशींत. दिसला नाही तर त्या अक्षराने या दोन प्रथिनांची पकड बदलत नाही, कारण दुसरीकडे शोधायचं.